आधी सीट लावा, मग शिव्या घाला

गेम फारच अवघड आहे. लॅपटॉपचा जीव गेलाय. या गाडीच्या सीटने माझी पाठ धरली. ही तीन वाक्यं मी आजवर इतक्या ठामपणे आणि इतक्यांदा बोललोय, की घरचे आता मान वर करूनही बघत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. ती तिन्ही मतं चुकीची निघाली. गेम जेवढा वाटला तेवढा अवघड नव्हता, लॅपटॉप धडधाकट होता आणि सीट तर चांगलीच होती. बसणारा चुकला होता.

गेममधल्या एका बॉसने, म्हणजे बड्या शत्रूने, मला तीन आठवडे रडवलं. त्याचा घाव बरोबर वेळेवर अडवायचा, एवढंच काम. रोज रात्री अर्धा तास मार खायचो आणि ‘वय झालं आपलं’ म्हणत झोपायला जायचो. एकदा भाचा आला होता, सोफ्यावर आडवा पडून बघत होता. दोन-तीन मरणं बघितल्यावर म्हणाला, “मामा, तू बटण दाबतोस आणि तो हात नंतर उचलतो.”

“अरे, वय झालं.”

“वय नाही रे, टीव्ही.” त्याने रिमोट घेतला आणि कुठल्याशा मेनूत चार पायऱ्या खोल जाऊन ‘गेम मोड’ चालू केला. चित्र जरा फिकं झालं. बॉस त्या रात्री नाही पडला, पण त्याचे घाव मला अडवता यायला लागले. दुसऱ्या रात्री पडला.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी बूड, मग पडदा, मग बोटं. मत त्यानंतर द्यायचं. गाडीलाही हाच क्रम लागू पडतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बूड

जुनी गाडी घेतली तेव्हा तासाभरात उजवी मांडी बधिर व्हायची. मी सगळ्यांना सांगत सुटलो की या गाडीची सीट टाकाऊ आहे. पाठीला एक उशी आणली, दुखणं वाढलं. मग वर्षानुवर्षं टॅक्सी चालवलेला एक मित्र शेजारी बसला. शंभर मीटर जायच्या आत त्याने गाडी कडेला घ्यायला लावली. म्हणाला, “तू गाडी चालवत नाहीयेस, आरामखुर्चीत पेपर वाचतोयस.” त्याने जे करायला लावलं ते असं. गाडी उभी असतानाच करायचं, आणि याच क्रमाने, कारण मागचं नीट नसेल तर पुढचं नीट बसत नाही.

मागच्या खिशातलं पाकीट काढा. हसू नका, माझ्या बधिर मांडीत अर्धा वाटा त्याचाच होता. एक कुल्ला वर, एक खाली, आणि मधे दबलेली नस. आता बूड सीटच्या पार कोपऱ्यात ढकला, पाठीचा खालचा भाग टेकलाच पाहिजे. मग उंची. डोकं आणि छत यांच्यात मूठभर जागा राहील आणि बॉनेटच्या पलीकडचा रस्ता मान न ताणता दिसेल, इतकी. बुटक्या माणसांना वाटतं सीट खालीच असते. बऱ्याच गाड्यांत सीटच्या दाराकडच्या बाजूला एक दांडी असते, ती पंपासारखी खालीवर केली की सीट वर येते.

मग पुढेमागे. क्लच तळापर्यंत दाबा. पाय पूर्ण दाबलेला असतानाही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. ऑटोमॅटिक असेल तर हीच परीक्षा ब्रेकवर, आणि ब्रेक हळूच नाही, खरोखर घाबरल्यासारखा दाबून बघायचा. पाय ताठ होत असेल तर ऐन वेळी ताकद कमी पडते, आणि धडक बसली तर तो धक्का सरळ खुब्यापर्यंत जातो.

पाठीचा कोन हा माझा मोठा गुन्हा होता. मी मागे रेललेला असायचो. कोन साधारण १०० ते ११० अंश ठेवायचा, म्हणजे काटकोनापेक्षा जरासाच मागे. मोजायला कोनमापक नको. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा, मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. बोटंच टेकत असतील तर तुम्ही लांब आहात, कोपराजवळचा हात टेकत असेल तर फारच जवळ. जवळ बसण्याला एक कडक मर्यादा आहे. स्टिअरिंगच्या मधल्या भागापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंटिमीटर हवेत, कारण तिथून एअरबॅग फुटते.

हेडरेस्टला आपण उशी समजतो. ती डुलकीसाठी नसते. मागून धडक बसल्यावर मान मागे फेकली जाऊ नये म्हणून असते. तिचा माथा तुमच्या डोक्याच्या माथ्याला यायला हवा, आणि डोकं व ती यांच्यात अंतर जितकं कमी तितकं बरं. मानेच्या उंचीवर ठेवलेली हेडरेस्ट मी जवळजवळ प्रत्येक गाडीत बघतो आणि प्रत्येक वेळी वर करतो. लोक मला आता पुढे बसवत नाहीत.

कमरेचा टेकू सगळ्यात शेवटी. पँटचा पट्टा बांधतो त्या उंचीवर, आणि नुसता लागेल इतकाच. ढोसायला लागला की जास्त झाला. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. नाही मावली तर पोटऱ्यांना मुंग्या येणारच. हे झाल्यावर आरसे. आधी आरसे लावून मग सीट हलवणारे बरेच असतात, मीही त्यांच्यातलाच.

यानंतरही गाडी हाडं खिळखिळी करत असेल, तर सीटला दोष देण्याआधी टायरमधली हवा बघा. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो आणि तो टायर थंड असतानाचा असतो. हवा जास्त असली की प्रत्येक खड्डा मणक्यात उतरतो. बसलेल्या माणसाचं शरीर खालीवर होणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त वैतागतं ते सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांच्या पट्ट्यात. गाडीचं स्प्रिंग आणि सीटचा फोम यांचा बराच आटापिटा तो पट्टा टाळण्यासाठीच असतो. मोठी चाकं आणि चपटे टायर घेतले की रबराची मऊ भिंतच बारीक होते. दिसायला झकास, बसायला शिक्षा. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

नवी गाडी बघताना शोरूममध्ये पाच मिनिटं बसून ‘वा, काय मऊ आहे’ म्हणू नका. मऊ सीट पाच मिनिटं छान लागते. दोन तासांनी ती खाली दबते आणि कंबर अधांतरी राहते. चाचणीला नेलीत तर निदान अर्धा तास चालवा, मुद्दाम खराब रस्त्यावर घ्या, आणि गाणी बंद ठेवा. गाण्यांच्या आवाजात टायरचा घोंघाट आणि डॅशबोर्डची किरकिर झाकली जाते, आणि तीच पुढे रोज ऐकायची असते. एसी थोडा वेळ पडद्यावरून आणि थोडा वेळ बटणांवरून चालवून बघा. रस्त्यावरची नजर न काढता पंखा कमी करता येतो का? युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनेही २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं वा दांड्या असल्या तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. इतक्या वर्षांनी का होईना.

आणि लांबच्या प्रवासात सगळ्यांना एकाच वेळी पेंग यायला लागली, तर सीट फार आरामशीर आहे असं समजू नका. एसी ‘आतलीच हवा फिरव’वर राहिलाय का बघा. चार माणसांच्या श्वासाने आतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. गाडी थंड झाली की थोडा वेळ बाहेरची हवा घ्यायची.

बूड, घरातलं

गेमसाठी वेगळी खुर्ची लागत नाही, हे आधी सांगतो. बूड मागे, पाय जमिनीवर सपाट, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, कोपर टेकलेलं, झालं. सोफ्यावर घसरत घसरत हनुवटी छातीला लागेपर्यंत खेळलात आणि मान धरली, तर तो बॉसचा दोष नाही.

खरी गंमत रेसिंग गेममध्ये. स्टिअरिंग आणि पेडलचा संच आणला, टेबलाला आवळला, पहिल्याच वळणावर जोरात ब्रेक दाबला आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. खाली चाकं होती ना! गाडी भिंतीला आणि मी कपाटाला. पुढचा आठवडाभर मी ब्रेक हळू दाबत होतो, प्रत्येक वळण चुकत होतो आणि ‘या गेमचं फिजिक्स बोगस आहे’ असं सांगत फिरत होतो. उपाय फुकटचा निघाला: खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घातली. पाच चाकं, पाच बूट, त्यामुळे एक जोडी अर्धी उरली. पेडलची पाटी मागून भिंतीला टेकवली. ब्रेक पोहोचायचं अंतर गाडीतल्यासारखंच घेतलं, पूर्ण दाबून गुडघ्यात बाक. फेरीची वेळ त्याच रात्री कमी झाली.

पडदा

टीव्हीवर खेळत असाल तर पहिलं काम गेम मोड. टीव्ही येणारं प्रत्येक चित्र घासूनपुसून, मधली चित्रं घालून गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. त्यात काही टीव्हींवर १०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. गेम मोडमध्ये तो बराचसा वाचतो. सेकंदाला ६० चित्रं चालणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे १०० मिलिसेकंद उशीर म्हणजे सहा चित्रं मागे. घाव अडवायला गेमने दहा चित्रांची संधी दिली असेल तर त्यातली सहा टीव्हीनेच खाल्ली. ठरावीक तालातले घाव माणूस सवयीने लवकर बटण दाबून सांभाळून नेतो. अचानक आलेल्या घावाला सवय काय करणार? मी तीन आठवडे नेमका तिथेच मरत होतो. लक्षात ठेवा, हा मोड पुष्कळदा त्या एका एचडीएमआय खोबणीपुरताच लागतो. वायर बदलली की पुन्हा बघायचं. तालावर चालणारा एखादा गेम असेल तर त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये (वेळ जुळवायच्या सेटिंगमध्ये) टकटक करा, उशीर किती ते आकड्यात मिळतं.

दुसरं, फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात तो आकडा. लोक मोठा आकडा बघून खूश होतात. डोळ्याला खटकतं ते वेगळंच: आकडा उड्या मारतो ते. ४५ ते ६० मध्ये नाचणाऱ्या गेमपेक्षा ४०वर ठाम उभा असलेला गेम हाताला चांगला लागतो. ३० फ्रेमला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद, ६०ला १६.७, आणि ४०ला २५, म्हणजे वेळेच्या हिशेबात ४० बरोबर मधोमध आहे. फक्त पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा हवा, तिथे प्रत्येक चित्र नेमकं तीनदा दाखवलं जातं. ६० हर्ट्झवर ४० मागितलं की चित्रं असमान वेळ थांबतात आणि लंगडल्यासारखं दिसतं.

पीसीवर अडकतंय असं वाटलं तर आधी रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) एकदम खाली आणून बघा. फ्रेम वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. नाही वाढल्या तर प्रोसेसर, आणि मग रिझोल्यूशन आणखी कमी करून फार काही हाती लागणार नाही. कार्ड दमलं असेल तर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब), सावल्या, धुकं आणि प्रतिबिंबं यांवर कात्री चालवा. टेक्श्चरला, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांना, शेवटी हात लावा. कार्डाच्या मेमरीत मावत असेल तर त्याने फ्रेम फारशा जात नाहीत, आणि ते कमी केलं की सगळं चिखलासारखं दिसतं. डीएलएसएस, एफएसआर यांसारखं अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करणं) बिनधास्त वापरा. फ्रेम जनरेशनचं, म्हणजे मधली चित्रं बनवून घालण्याचं, तसं नाही. त्याने आकडा दुप्पट दिसतो, पण बटणाचा उशीर कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. मुळात ६०च्या आसपास मिळत असेल तर ठीक, ३०चे ६० करून बॉसशी लढायला जाऊ नका.

नवा गेम पहिल्यांदा उघडल्यावर ‘शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत आहेत’ अशी पट्टी सरकत असेल तर ती सरकू द्या. लॅपटॉप असेल तर त्याला चार्जर लावा आणि लॅपटॉप गादीवरून उचला. माझ्या ‘जीव गेलेल्या’ लॅपटॉपचं निदान एवढंच होतं: खालची हवेची जाळी रजईत बुडाली होती.

परफॉर्मन्स आणि अवघडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो, पण त्यांचं नातं जुनं आहे. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू जितके मरतात तितके उरलेले जोरात पळतात. प्रोसेसरला काढायला आकृत्या कमी उरल्या की काम भराभर होई, म्हणून ते पळत. गेमचे निर्माते टोमोहिरो निशिकाडो यांनी ते दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं. तो गेमच मुळात तसा झाला.

मळमळ

माझी बायको गाडीत मागे बसून फोन बघू शकत नाही आणि मी काही गेम वीस मिनिटांच्या वर खेळू शकत नाही. दोघांचा आजार एकच, फक्त उलटसुलट. गाडीत शरीराला हलणं जाणवतं आणि डोळ्यांपुढचा फोन स्थिर असतो. गेममध्ये डोळ्यांपुढे सगळं धावतं आणि शरीर सोफ्यावर. मेंदूला दोन साक्षीदारांचं पटत नाही आणि शिक्षा पोटाला होते. गाडीत मळमळणाऱ्याला पुढे बसवा, लांबवर बघायला सांगा, चेहऱ्यावर वारा सोडा. तुम्ही चालवत असाल तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर लोण्यासारखा दाबा, पोट ढवळतं ते हळू, लांब हेलकाव्यांनी. गेममध्ये मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट करणं) बंद, चालताना डोकं हलवणारं सेटिंग बंद, आणि पडद्यासमोर जवळ बसत असाल तर फील्ड ऑफ व्ह्यू (किती रुंद दृश्य दिसतं तो कोन) ९० अंशांच्या पुढे. पडद्याच्या मधोमध एक ठिपका कायम ठेवता येत असेल तर ठेवा, डोळ्यांना धरायला खुंटी मिळते. मळमळ सुरू झाल्यावर ‘होईल सवय’ म्हणत रेटू नका. तो दिवस संपला.

बोटं

एवढं करूनही मरताय? मग आता अवघडपणाबद्दल बोलू.

मी एक कागद घेतो आणि सलग दहा मरणांची कारणं लिहितो, एकेक शब्दात. ‘लोभ’ म्हणजे एक घाव जास्तीचा मारायला गेलो. ‘कॅमेरा’. ‘दिसलं नाही’. ‘उशीर’. ‘माहीत नव्हतं’. दहापैकी सात वेळा ‘लोभ’ असेल तर गेम न्यायी आहे आणि दोष माझा, अवघडपणा तसाच ठेवतो. सात वेळा ‘कॅमेरा’ असेल तर लहान खोलीतून बाहेर पडून मोकळ्यावर लढतो. ‘माहीत नव्हतं’ जास्त असेल तर बोटांचा सराव कामाचा नाही, कुठलं शस्त्र कुणाला लागतं हे शिकायला हवं. आणि काहीच लिहिता येत नसेल, आपण कशाने मेलो तेच कळत नसेल, तर पुन्हा वरच्या भागात जा. पडदा तपासा.

शत्रूला वीसऐवजी चाळीस घाव लागतात, एवढाच फरक असलेला ‘हार्ड’ मी घेत नाही. तो अवघड नसतो, लांब असतो.

सोपं करण्यात लाज कसली? ‘सेलेस्ट’ (२०१८) या उड्यांच्या गेममध्ये असिस्ट मोड आहे, गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी उतरवत ५० टक्क्यांपर्यंत आणता येतो. अडलेली उडी ७० टक्क्यांवर शिकायची, मग वेग चढवत न्यायचा. तबल्याचा कायदा आधी विलंबित वाजवतात तसंच. ‘हेडीस’चा गॉड मोड २० टक्के संरक्षणापासून सुरू होतो आणि प्रत्येक मरणाला दोन टक्के वाढवत ८०पर्यंत नेतो. मेल्याचा मोबदला मिळतो, मला हे फार आवडतं. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ मध्ये शत्रू, सोबती, लपाछपी, सापडणारं सामान यांचा अवघडपणा वेगवेगळा लावता येतो. मी शत्रू कठीण ठेवतो आणि सामान भरपूर, कारण गोळ्या शोधत कपाटं उघडायचा मला कंटाळा येतो. हे कुणाला फसवणूक वाटत असेल तर वाटो.

रेसिंगमध्ये मदती एकदम सगळ्या काढू नका. आधी कुठून जायचं आणि कुठे ब्रेक दाबायचा ते दाखवणारी रस्त्यावरची रंगीत रेघ फक्त ब्रेकपुरती ठेवा, मग पूर्ण काढा. तोवर डोळे वळण न बघता रेघच बघत असतात. त्यानंतर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी घसरू न देणारी मदत. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी मदत, खुशाल राहू द्या. प्रतिस्पर्ध्यांची पातळी अशी लावा की नीट चालवलं तर तिसरे-चौथे याल. रोज पहिले येत असाल तर समोर कोणीच नसतं, आणि एकट्याने गोल फिरण्यात काय मजा?

एक शेवटचं काम. सगळं जमलं की लिहून ठेवा. गाडी सर्व्हिसिंगहून आली की सीट कुणीतरी हलवलेली असते, गेमला अपडेट आलं की सेटिंग्ज कधीकधी मूळपदावर जातात, आणि टीव्हीचं तर सांगितलंच. माझ्या डायरीत एक पान आहे: सीट पुढून सातवी खाच, उंची सहा पंप, टायरचा आकडा, टीव्हीची दुसरी खोबण, गेम मोड चालू, ४० फ्रेम, ब्लर बंद. त्याखाली भाच्याच्या अक्षरात, न विचारता लिहिलेलं: ‘मामा, पुढच्या बॉसच्या डाव्या बाजूने फिर.’